राजा सिंहासनावर आहे, तर मला धीर का येत नाही?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई पन्नाशीकडे झुकलेल्या, माहेर नगरचं, लग्न होऊन पिंपरी-चिंचवडला आल्या. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. वडील शाळेत मास्तर आणि मंडळीत पंच, रोज रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना घ्यायचे आणि घरात काहीही चाललेलं असो, शेवटी म्हणायचे, "राजा सिंहासनावर आहे, झोपा आता." गेल्या वर्षी वडील गेले. पाठोपाठ मिस्टरांच्या कंपनीने प्लांट दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं, मुलगा जर्मनीला गेला, भावांनी माहेरचं घर विकायला काढलं, आणि ज्या चर्चमध्ये ताईंचं लहानपण गेलं तिथे दोन गट पडून प्रकरण कोर्टात आहे. आई आता ताईंकडे असते, वय ७४, आणि रोज रात्री वडिलांच्या बायबलमधून एक स्तोत्र वाचून दाखव म्हणते. त्यात ९३व्या स्तोत्राची पहिली ओळ, परमेश्वर राज्य करतो, वडिलांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेली आहे. ताई लिहितात, "ती ओळ आली की माझा आवाज कोरडा पडतो. जो तो म्हणतो देव राज्य करतोय, काळजी करू नको, आणि मला धीर यायच्या ऐवजी राग येतो. त्याचं राज्य कायमचं असेल, माझं तर काहीच कायम राहिलं नाही. मी आईसमोर नाटक करतेय का? माझा विश्वास संपला का? रविवारी चर्चला जाणंही सोडलंय. दुसऱ्या चर्चला जावं का?"

ताई,

तुमचं "माझं तर काहीच कायम राहिलं नाही" हे वाक्य तुम्हाला अविश्वासाचं वाटतंय, आणि मला वाटतं सगळी गडबड तिथेच आहे. हे वाक्य पवित्र शास्त्रात आहे, जवळजवळ असंच्या असं. विलापगीताचा पाचवा अध्याय काढून बघा. यरुशलेम शहर बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केलंय, मंदिर जळालंय, पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतंय असं ते लोक सांगतायत. त्या सगळ्या रडण्यात १९व्या वचनात ते म्हणतात की हे परमेश्वरा, तू सदासर्वकाळ राजासनावर आहेस. आणि लगेच पुढचं २०वं वचन काय, तर मग तू आम्हाला कायमचा का विसरलास? मध्ये एक ओळसुद्धा नाही हो. तुझं सिंहासन अढळ आहे आणि तू आम्हाला विसरलास, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, एकाच श्वासात. आणि त्या पुस्तकाचा शेवटही काही गोड झालेला नाही, शेवटच्या ओळीतही प्रश्नच आहे. तरी ते शास्त्रात राहिलं, कुणी काढून टाकलं नाही.

म्हणजे तुमच्या मनात जे दोन तुकडे एकमेकांशी भांडतायत ना, राज्य त्याचं कायम आणि माझं सगळं गेलं, ते दोन्ही एकत्र बोलायची परवानगी तुम्हाला आधीपासूनच आहे. आपल्याकडे झालंय असं की त्यातला पहिला तुकडा आपण उचलला, कॅलेंडरवर छापला, व्हॉट्सॲपवर फुलांच्या फोटोवर टाकला, आणि डोकं दुखलं की बाम लावावा तसा एकमेकांना लावत सुटलो. त्याने राग येणारच. तो राग देवावरचा आहे असं तुम्ही धरून चाललाय, पण पत्र वाचताना मला तरी तो निम्माअधिक या घाईघाईच्या दिलाशावरचा वाटला.

आता वडिलांची लाल पेन्सिल. ९३वं स्तोत्र पाचच वचनांचं आहे, आज रात्री अख्खं वाचा आणि तिसऱ्या वचनावर थांबा. नद्यांनी आवाज उठवला आहे, असं तिथे फिरून फिरून तीनदा सांगितलंय, पाणी चढतंय, लाटा आपटतायत. परमेश्वर राज्य करतो असं पहिल्या वचनात म्हटलं म्हणून तिसऱ्या वचनात पूर आला नाही असं झालेलं नाही. चौथं वचन म्हणतं की त्या पाण्याच्या गर्जनेपेक्षा परमेश्वर थोर आहे. गर्जना चालूच आहे! अधोरेखित केलेली ओळ एकटी वाचली की सगळं शांत असल्यासारखं वाटतं, पण ज्यांनी हे गायलं त्यांच्या पायाशी पाणी होतं. तुमच्या वडिलांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मास्तरकी करून संसार चालवलेला, मंडळीतली भांडणं वर्षानुवर्षं सोडवलेली माणसं रोज रात्री तेच वाक्य उगाच म्हणत नाहीत, त्यांना स्वतःलाही ते ऐकायची गरज असते.

आणि इथेच तुम्हाला जरा हळुवारपणे विचारते, रागावू नका. लहानपणी "राजा सिंहासनावर आहे" हे ऐकून तुम्हाला जी झोप लागायची ती कशामुळे लागायची? देवामुळे असेलच, पण बाबा शेजारच्या खोलीत आहेत म्हणूनही असेल ना. मुलांना देवाचं राज्य आधी आईवडिलांच्या आवाजातूनच कळतं, त्यात चूक काहीच नाही. पण मग तो आवाज थांबला की सिंहासनच रिकामं झाल्यासारखं वाटतं, आणि आपण समजतो आपला विश्वास गेला. विश्वास गेला की वडील गेले, हे आधी नीट बघायला पाहिजे. एका वर्षात या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं फार अवघड असतं.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाची सुरुवात तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल, उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी मी प्रभूला उंच सिंहासनावर बसलेलं पाहिलं. हा उज्जीया ५२ वर्षं राज्यावर होता. म्हणजे यरुशलेममधल्या बहुतेक माणसांनी जन्मल्यापासून दुसरा राजा बघितलाच नव्हता, राजा म्हणजे उज्जीया एवढंच त्यांना माहिती. तो गेला त्याच वर्षी यशयाला दुसरं सिंहासन दिसलं, आणि त्याची पहिली प्रतिक्रिया बघा, किती बरं वाटलं असं तो म्हणाला नाही, तो म्हणाला हाय हाय, माझा नाश झाला. पुढे त्याच अध्यायात तो विचारतो, प्रभो, हे कुठवर? आणि उत्तर येतं ते भयंकर आहे, नगरं ओसाड पडेपर्यंत. शेवटी फक्त तोडलेल्या झाडाचा बुंधा राहील आणि त्यात जीव असेल, एवढंच आश्वासन. आपण उपासनेत "पवित्र, पवित्र, पवित्र" पर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो, म्हणून आपल्याला वाटतं की सिंहासन दिसलं की लगेच शांती मिळायला पाहिजे. यशयाला मिळाली नाही, तर तुम्हाला एका वर्षात का मिळावी?

मग तुम्ही म्हणाल, घर जाणार, नोकरी जाणार, माणसं जाणार, तर त्याचं राज्य कायम आहे याचा मला उपयोग काय. अगदी बरोबर प्रश्न आहे आणि मी टाळणार नाही.

तुम्ही नगरच्या, तुम्हाला किल्ला सांगायला नको. १४९० साली अहमद निजामशहाने ते शहर वसवलं, पुढे तिथे चांदबिबी लढली, मग १६००मध्ये मोगल आले, औरंगजेब १७०७ साली तिथेच शेजारी भिंगारला मेला, मग मराठे, १८०३मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, आणि १९४२ला नेहरूंना त्याच किल्ल्यात कैदेत ठेवलं. १८३१मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं, तुमच्या-माझ्यासारख्या कितीतरी घरांची वंशावळ तिथून सुरू होते, ते मिशनरीही गेले. आता तर शहराचं नावही बदललं. यातल्या प्रत्येक सत्तेला आपण कायमचे आहोत असंच वाटत असणार. आणि खरं सांगू का, चर्चच्या ज्या इमारतीवरून आज कोर्टात वाद चाललाय तीही त्याच यादीतली आहे, कुठल्या का गटाला मिळेना. हे मी तुमचं दुःख छोटं करायला सांगत नाहीये. तुम्ही तुमचं पाय टेकायचं ठिकाण वडील, घर, मंडळी आणि मिस्टरांची नोकरी या चार गोष्टींवर वाटून ठेवलं होतं, आणि चारही एकदम हलल्या. असं कुणाचंही होतं. १०२वं स्तोत्र अशाच माणसाचं आहे, वरती मथळाच आहे, गांजलेल्याची प्रार्थना. माझे दिवस धुरासारखे विरून गेले, जेवण जात नाही, झोप नाही, छपरावरच्या एकट्या चिमणीसारखा झालोय, असं तो आधी ११ वचनं बोलतो, आणि बाराव्याला म्हणतो, पण तू, हे परमेश्वरा, सर्वकाळ राजासनावर आहेस. पुढे तर म्हणतो की आकाश आणि पृथ्वीसुद्धा वस्त्रासारखी जुनी होतील, तू मात्र तोच आहेस. तो माणूस आपलं काही टिकेल असं म्हणतच नाहीये. तो म्हणतोय की मी ज्याच्याकडे रडतोय तो टिकेल. म्हणजे माझं रडणं हवेत जात नाही, ऐकणारा जागेवर आहे.

हा एक उपयोग. दुसरा असा की त्याचं राज्य चालवणं हे तुमचं काम नाही. तुमच्या पत्रात मला सारखं जाणवत होतं की मंडळी एकत्र ठेवायची कशी, माहेरचं घर वाचवायचं कसं, आईचा विश्वास डळमळू नये म्हणून काय करायचं, हे सगळं वडिलांच्या खुर्चीवर बसून तुम्ही करू बघताय. ती खुर्ची तुमच्या अंगावर टाकलीय कोणी? मोठी लेक म्हणून घेतलीत ती तुम्हीच, आणि प्रेमाने घेतलीत. पण मंडळीचं भांडण मिटलं नाही तर देवाच्या राज्याला तडा जाणार नाहीये, हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कायमचं राज्य, एवढंच असेल तर त्यात दिलासा कसला, जुलमी राज्यही कायमचं असू शकतं. हे राज्य कसलं आहे ते बघायला पाहिजे. १४५व्या स्तोत्राचं १३वं वचन सगळ्यांना पाठ असतं, तुझं राज्य युगानुयुगाचं आहे. १४वं वचन कुणी पाठ करत नाही, पडणाऱ्या सगळ्यांना परमेश्वर आधार देतो, वाकलेल्यांना उभं करतो. १४६व्यातही तसंच, राज्य सर्वकाळ आहे हे शेवटच्या वचनात येतं आणि त्याच्या आधी यादी आहे, भुकेल्याला अन्न, बंदिवानाची सुटका, परक्याचं रक्षण, अनाथ आणि विधवेला आधार. जे कायम राहणार आहे ते हे आहे. म्हणजे रोज रात्री तुम्ही कोरड्या आवाजात का होईना एका विधवेला स्तोत्र वाचून दाखवताय, तेव्हा तुम्हाला काही जाणवो न जाणवो, त्या राज्याचंच काम तुमच्या घरात चाललंय.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा जरा. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि ज्या लेकीने ते पुढे चालवायचं ती एकुलती एक मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये वारल्या. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, म्हणजे वर मी सांगितलेली ही वचनं, तू राजासनावर आहेस आणि तू आम्हाला का विसरलास, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेली. त्यांना मनात काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण एवढं नक्की की ज्यांनी आपल्याकडे हा विश्वास जगून दाखवला त्या काही सुखात बसून बोलत नव्हत्या.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते, नाटकाच्या. मनात येत नसताना वाचणं म्हणजे नाटक नव्हे. नाटक तेव्हा होतं जेव्हा आपण समोरच्याला खोटं सांगतो. तुम्ही फक्त वाचताय, मला फार शांती वाटतेय असं तुम्ही आईला म्हणालेल्या नाहीत. पण मला वाटतं आता वाचन बदलून बघा. दिलाशाची स्तोत्रं निवडून वाचणं थांबवा आणि जी येतील ती अख्खी वाचा. ८९वं वाचा, लांब आहे, ५२ वचनं, दोन रात्री लागतील. दाविदाचं राजासन कायम राहील असं वचन तू दिलंस म्हणून आधी कौतुक चाललंय, आणि ३८व्या वचनापासून सूर एकदम फिरतो, पण तूच ते राजासन मातीला मिळवलंस, कुठवर लपून राहशील? ते वाचून झालं की पुस्तक मिटू नका, आईला विचारा, "आई, तुला असं कधी वाटलं का गं?"

कारण पत्रात आईबद्दल एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीये, की तिचा विश्वास पक्का आहे आणि तुमच्या शंकेने तिला धक्का बसेल. नवरा जाऊन वर्षही पुरतं झालं नाही तिला. घर सुटलं, स्वयंपाकघर सुटलं, शेजार सुटला. तिला प्रश्न पडत नसतील? कदाचित ती तुमच्यासाठी धीट राहतेय आणि तुम्ही तिच्यासाठी, आणि दोघी रात्री आपापल्या अंथरुणात जाग्या. बोलून बघा. एकदम सगळं ओतायची गरज नाही, "मला हल्ली हे वाचताना रडू येत नाही, रागच येतो" एवढं एक वाक्य पुरे. ७४ वर्षांच्या बायकांनी यापेक्षा बरंच काही ऐकलेलं आणि सोसलेलं असतं.

"काळजी करू नको, देव राज्य करतोय" म्हणणाऱ्यांचं काय करायचं? बहुतेक लोक वाईट नसतात, काय बोलावं ते सुचत नाही म्हणून बोलतात. त्यांना सरळ सांगा, "हो, आणि तरी मला अवघड जातंय, जरा बसता का माझ्याजवळ?" जे बसतील ते तुमचे. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना एक विनंती, शास्त्रातल्या ईयोबाचं सगळं गेलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं बिघडलं ते नंतर, तोंड उघडल्यावर. दुःखाच्या घरी गेलात तर आधी चहाची भांडी घासा, वचन नंतर सांगा.

मिस्टरांच्या नोकरीचं मात्र नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. कंपनीकडून जे काही मिळणार आहे ते लेखी मागून घ्या, ग्रॅच्युइटी, पीएफ, रजेचे पैसे, आणि मुख्य म्हणजे मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक वेळा नोकरीबरोबरच संपतो आणि घरात ७४ वर्षांची आई आहे, त्यामुळे ते आधी बघा. माहेरच्या घराच्या कागदांवर घाईत सही करू नका, आईचा हक्क काय आहे ते एखाद्या वकिलाला विचारून घ्या, भावांशी भांडायला नको पण माहिती असलेली बरी. राजा सिंहासनावर आहे म्हणून आपण फाइल उघडायची नाही असं तुमच्या वडिलांनीही केलं नसतं, पंच होते ते, हिशेब ठेवणारे.

आणखी एक. पत्रात तुम्ही झोपेबद्दल आणि जेवणाबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून विचारते. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. मनाच्या आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, रात्रीसुद्धा लागतो. जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका, आजच फोन करा आणि घरात सांगा. याने विश्वास कमी ठरत नाही. शास्त्रात एलिया संदेष्टासुद्धा रतामाच्या झुडपाखाली बसून मला मरण दे म्हणाला होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं आणि भाकर-पाणी दिलं, दोनदा.

शेवटी चर्चचं. कायमचं चर्च बदलायचं की नाही हे निदान वडिलांचं वर्षश्राद्ध म्हणा, स्मरणाची उपासना म्हणा, ती होईपर्यंत ठरवू नका. ज्या वर्षी सगळंच बदललंय त्या वर्षी आणखी एक गोष्ट स्वतःहून तोडायची घाई नको. पण घरीही बसू नका. पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी उपासना होणारी चर्च आहेत, एखाद्या रविवारी आईला घेऊन तुम्हाला कुणी ओळखत नसेल अशा ठिकाणी जा, मागच्या बाकावर बसा, कुठल्या गटाच्या आहात असं कुणी विचारणार नाही. गाता आलं तर गा, नाही आलं तर बाकीच्यांना गाऊ द्या. प्रभूच्या प्रार्थनेत आपण आधी तुझं राज्य येवो असं मागतो आणि शेवटी राज्य तुझंच आहे असं म्हणतो, तुम्हाला यातलं एकच म्हणता आलं त्या दिवशी तर पहिलं म्हणा, तुझं राज्य येवो. ते मागणाऱ्याचं वाक्य आहे, ते म्हणायला धीर आलेला असावा लागत नाही. आणि आईशी बोलणं झालं तर मला जरूर कळवा, ती काय म्हणाली ते ऐकायला मला खरंच आवडेल.